सांत्वनाची घाई

धर्मग्रामात एखादे अकाली मरण घडले, एखादी होडी परत आली नाही, सहलीला गेलेली मुले अपघातात सापडली, की काही ठरावीक वाक्ये शवपेटीच्या आधी घरी पोहोचतात. 'देवाची इच्छा होती.' 'देवाला चांगलीच माणसे आधी हवी असतात.' आणि आठवडा उलटला की, 'झाले ते झाले, आता विसरा.' बोलणाऱ्यांच्या मनात कळवळाच असतो, याविषयी आम्हांला शंका नाही. समोरचे दुःख पाहवत नाही म्हणून माणसे बोलतात. तरीही आमचे स्पष्ट म्हणणे असे आहे, की या वाक्यांना ख्रिस्ती सांत्वन म्हणता येणार नाही. पहिल्या दोहोंत देवावर आळ आहे आणि तिसऱ्यात मृतांवर अन्याय आहे. ती एका कुटुंबावर लादली, तर एक घर मुके होते. संपूर्ण गावावर लादली, तर गावाची जखम वरून बुजलेली दिसते आणि आतून चिघळत राहते.

हे आम्ही हवेत बोलत नाही. एका लहानशा गावाने हा सारा अनुभव घेतलेला आहे, आणि त्याची नोंद न्यायाधीशांसमोरील साक्षींत, सरकारी दफ्तरांत व वैद्यकीय अभ्यासांत झालेली आहे. ते गाव म्हणजे ब्रिटनच्या वेल्स प्रांतातील ॲबरव्हॅन.

ॲबरव्हॅनची ती सकाळ

ॲबरव्हॅन हे कोळशाच्या खाणीवर जगणारे खोऱ्यातले गाव. मर्थर व्हेल नावाच्या खाणीतून कोळशाबरोबर निघणारा दगडमातीचा गाळ गावावरच्या डोंगरउतारावर टाकला जाई. अशा ढिगांपैकी सातव्या क्रमांकाचा ढीग १९५८ साली सुरू झाला. त्याच्या पोटाखाली पाण्याचे झरे होते, आणि ते नकाशांवरही दाखवलेले होते. १९६३ साली हाच ढीग एकदा घसरला होता. शाळांच्या मागे ओतल्या जाणाऱ्या या गाळापासून धोका आहे, असे नगरपालिकेच्या अभियंत्याने पत्रांतून कळवले होते. शाळेत गढूळ पाणी शिरते म्हणून १९६५ साली मातांनी विनंतीअर्जही दिला होता. कागद सरकले, ढीग मात्र वाढतच राहिला.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सकाळी सव्वानऊच्या सुमारास पावसाने भिजलेला तो ढीग डोंगरावरून सुटला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर व शेजारच्या घरांवर येऊन कोसळला. ११६ मुले आणि २८ प्रौढ, एकूण १४४ जीव गेले. मुलांपैकी बहुतेक सात ते दहा वर्षांची होती. खाणीतले बाप खाणीतलीच फावडी घेऊन शाळेकडे धावले. पण सकाळी अकरानंतर एकही जीव जिवंत बाहेर आला नाही. २७ ऑक्टोबरला ८१ बालके एकाच वेळी त्याच डोंगरउतारावरच्या दफनभूमीत ठेवण्यात आली.

मृत्यूच्या नोंदीत काय लिहायचे?

आमच्या मते पुढे काय घडले, हेच वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. मृत्यूच्या कारणांची नोंद करण्यासाठी चौकशी भरली. एका बालकाचे नाव पुकारले गेले. गुदमरून आणि अनेक जखमा होऊन मृत्यू, असे कारण वाचून दाखवण्यात आले. तेव्हा त्याचे वडील उठले आणि म्हणाले, की नाही, राष्ट्रीय कोळसा मंडळाने त्याला जिवंत गाडले आहे, आणि मला तेच कागदावर पाहायचे आहे.

त्या सभागृहात काहींना ही शोकाने बेभान झालेल्या माणसाची वाणी वाटली असेल. आम्हांला मात्र ती त्या दिवसांतील सर्वांत शहाणी वाणी वाटते. मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स हे वृत्त कळल्यावरही तातडीने गावात आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते एका विद्यापीठाच्या कुलपतिपदाची वस्त्रे स्वीकारण्याच्या समारंभात होते. नंतर येऊन त्यांनी सांगितले, की ढिगाखालचा झरा अज्ञात होता. गावातल्या पोराटोरांना जो झरा ठाऊक होता, तो अध्यक्षांना अज्ञात होता! 'अज्ञात झरा' आणि 'देवाची इच्छा' ही सख्खी भावंडे आहेत. माणसाच्या हातून जे घडले, ते निसर्गाच्या किंवा देवाच्या माथी मारायचे आणि आपले हात मोकळे करायचे, हेच त्या दोहोंचे काम.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायाधिकरण बसले. त्याने ७६ दिवस साक्षी ऐकल्या. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला, आणि त्याने दोष निःसंदिग्धपणे कोळसा मंडळावर ठेवला. कोणाचा दुष्टावा नव्हता, पण अज्ञान होते, गलथानपणा होता, आणि एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचत नव्हते, असा त्याचा निष्कर्ष होता. शिक्षा कोणालाच झाली नाही. ज्यांची नावे अहवालात आली, त्यांपैकी एकाचीही नोकरी गेली नाही. तरीसुद्धा त्या अहवालाने गावाला एक मोलाची गोष्ट दिली: त्या बापाचे म्हणणे खोटे नव्हते, हे देशाच्या दफ्तरात नोंदले गेले. १९६९ साली अशा ढिगांच्या सुरक्षिततेसाठी कायदा झाला. ज्या गावाने 'विसरा' हा सल्ला मानला असता, त्या गावामुळे दुसऱ्या गावांचे रक्षण झाले नसते.

शिलोहाचा बुरूज

आता कोणी म्हणेल, ही न्यायालयाची भाषा झाली. धर्मगुरूने ती का बोलावी? आमचे उत्तर असे, की ती शुभवर्तमानाचीच भाषा आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूपुढे पिलाताने मारलेल्या गालीली लोकांची वार्ता येते. तेव्हा प्रभू स्वतःहून दुसरी एक दुर्घटना काढतो. शिलोहातील बुरूज अठरा जणांवर पडला होता. ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असा प्रश्न तो विचारतो आणि उत्तरही तोच देतो: नाही. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब त्याने तेथल्या तेथे बंद केला. देवाने त्यांना नेले, असेही तो म्हणत नाही. पश्चात्तापाची हाक तो देतो ती ऐकणाऱ्यांना, म्हणजे जिवंतांना. बुरूज बांधणारे, बुरुजाची डागडुजी टाळणारे आणि बुरुजाला तडा गेलेला पाहून गप्प बसणारे, हे सारे जिवंतांतच असतात.

ईयोबाचे मित्र आठवावेत. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. तेवढीच त्यांची खरी सेवा. मग त्यांना देवाचे वकीलपत्र घ्यावेसे वाटले, आणि अध्यायामागून अध्याय ते देवाची बाजू मांडत राहिले. ग्रंथाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, तर आपली बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर! सांत्वनासाठी निघालेल्या प्रत्येकाने घराबाहेर पडण्यापूर्वी हा शेवटचा अध्याय वाचावा.

देव एखादी गोष्ट इच्छितो आणि एखादी गोष्ट घडू देतो, यांत भेद आहे, हे सेमिनरीतील प्राथमिक पाठांतच शिकवले जाते. मृत्यू देवाने निर्माण केला नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही, हे ज्ञानग्रंथाचा पहिलाच अध्याय सांगतो. असे असताना लहान मुलाच्या शवपेटीपुढे 'देवाने फूल खुडले' असे म्हणणे म्हणजे आपल्या पित्याला चोर ठरवणे होय. लाजराला आपण उठवणार, हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरीपाशी रडला. आपण येथे असता तर असे घडले नसते, ही मार्थेची आणि मरियेची तक्रार त्याने ऐकून घेतली. तिच्याबद्दल त्यांना दटावले नाही. आपल्याला मात्र दटावण्याची फार घाई असते.

पैसा आणि अपमान

दुसरी एक समजूत अशी, की भरपाई मिळाली की प्रश्न मिटतो. ॲबरव्हॅनसाठी जगभरातून साडेसतरा लाख पौंडांचा निधी जमला. त्या काळी ही प्रचंड रक्कम होती. परंतु तो निधी गावाच्या हातात नव्हता. कोळसा मंडळाने एका मुलामागे पाचशे पौंड देऊ केले. दानधर्मावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला तर असे वाटले, की निधीतून पैसे देण्यापूर्वी आईबापांना विचारावे, तुमचे आपल्या मेलेल्या मुलाशी नाते किती जवळचे होते? वाचकहो, कल्पना करा: मूल मातीआड गेले आहे, आणि समोर बसलेला कारकून मायेचे माप मागतो आहे.

याहून मोठा अन्याय पुढे झाला. उरलेले ढीग गावावर तसेच उभे होते. ते हलवा, अशी लोकांची मागणी होती. पाऊस पडला की मुले झोपत नव्हती. खर्च कोणी करायचा यावर सरकार आणि मंडळ अडून बसले. चिडलेल्या गावकऱ्यांनी त्या ढिगातला गाळ कार्डिफ येथील सरकारी कचेरीत नेऊन ओतला. अखेर १९६८ साली ढीग हलवण्यासाठी दीड लाख पौंड घेतले गेले, ते मृतांच्या नावाने जमलेल्या त्या निधीतून! ज्यांनी गाडले त्यांच्या घाणीची मजुरी, गाडल्या गेलेल्यांच्या आईबापांकडून. ही रक्कम १९९७ साली परत करण्यात आली, तीही व्याजाशिवाय. आणि २००७ साली वेल्स सरकारने आणखी वीस लाख पौंड दिले, तेव्हा कोठे हिशेब काहीसा जुळला. दुर्घटनेला तोवर चाळीस वर्षे उलटून गेली होती.

यातून आम्ही एक धडा घेतो. दुःखितांना मदत देताना त्यांना हात पसरायला लावणे, ही दुसरी दुर्घटना आहे. पैसा कोठे खर्चावा, स्मारक कसे असावे, असावे की नसावे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार ज्यांचे गेले त्यांचा आहे.

गाव उभे कसे राहिले

आणि तरीही ते गाव उभे राहिले. कसे राहिले? एका प्रवचनाने नाही, एका सोहळ्याने तर नाहीच. तेथल्या तरुण स्त्रिया एकत्र येऊ लागल्या. चहा, शिवणकाम, गप्पा, एखादे व्याख्यान, एवढाच कार्यक्रम. परंतु ज्या घरात पतिपत्नी एकमेकांशी मुलाचे नाव काढू शकत नव्हते, त्या घरातील स्त्रीला आठवड्यातून एकदा नाव काढता येईल अशी जागा मिळाली. पुरुषांनी गायकवृंद उभारला; अनिसोवेन या नावाने तो प्रसिद्ध झाला. ज्यांना बोलता येत नव्हते, ते एका स्वरात गाऊ लागले. बेथानिया नावाच्या ज्या प्रार्थनामंदिरात त्या आठवड्यात मृतदेह ठेवले होते, तेथे पुन्हा उपासना करणे लोकांना शक्य होईना. ती वास्तू पाडून नवी बांधण्यात आली. 'देवाचे घर आहे, तेथेच या,' असा हट्ट कोणी धरला नाही, हे आम्हांला फार ख्रिस्ती वाटते. शाळेच्या जागी स्मृतिउद्यान झाले आणि गावासाठी समाजमंदिर उभे राहिले.

एक गोष्ट तर विलक्षण आहे. दुर्घटनेनंतरच्या पाच वर्षांत गावातील जन्मांचे प्रमाण वाढले. मूल गमावलेल्या जोडप्यांना पुन्हा मूल व्हावे, हे आपण समजू शकतो. पण १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ही वाढ बहुतांशी ज्यांचे मूल गेले नव्हते अशा कुटुंबांतली होती. शेजाऱ्याच्या रिकाम्या पाळण्याला जणू सबंध गावाने उत्तर दिले. आपण ख्रिस्ताच्या एका शरीराचे अवयव आहोत आणि एक दुखावला की सारे दुखावतात, हे पौलाचे शिक्षण आपण मिस्सामध्ये ऐकतो. त्या खाणगावाने ते जगून दाखवले.

मात्र येथेही गोडवा नको. वाचलेली मुले रस्त्यावर खेळेनाशी झाली होती; आपल्याला पाहून ज्यांचे मूल गेले त्यांना काय वाटेल, या भीतीने. आपण वाचलो याचा अपराध ती मुले वाहत होती, आणि 'विसरा' म्हणणाऱ्या मोठ्यांच्या जगात तो कोणाला सांगायचा, हे त्यांना कळत नव्हते. तेहेतीस वर्षांनंतर ४१ वाचलेल्यांची तपासणी झाली. त्यांपैकी १२ जणांना, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला, त्या आघाताचा मानसिक आजार तेव्हाही होता. २००३ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. काळ हेच औषध, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. काळ हे औषध नाही. औषध द्यायला मिळालेली ती मुदत आहे, इतकेच.

क्षमेचा प्रश्न

आमच्या म्हणण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा येईल: सत्य, जबाबदारी, चौकशी यांतून कटुता वाढते, ख्रिस्ताने क्षमा शिकवली आहे. या आक्षेपाचा आम्ही आदर करतो. त्याचे उदाहरणही देता येईल. २ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, निकेल माइन्स येथील आमिश पंथाच्या छोट्या शाळेत एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या; पाच मुली दगावल्या, आणि त्याने स्वतःलाही संपवले. त्याच दिवशी आमिश लोक त्याच्या विधवेचे सांत्वन करण्यास गेले. पुढे त्याच्या दफनविधीला ते उपस्थित राहिले. आपल्यासाठी आलेल्या मदतीतला वाटा त्यांनी त्या विधवेलाही दिला.

आम्ही या लोकांपुढे नतमस्तक होतो. पण त्यांची क्षमा नीट पाहावी. तेथे कोणी केले आणि काय केले, हे लपवलेले नव्हते; सत्य आधीच उजेडात होते. क्षमा ज्यांच्या मुली गेल्या त्यांनी केली. बाहेरच्या कोणी त्यांच्या वतीने ती जाहीर केली नाही. आणि ती एकाकी आईवर सोडलेली नव्हती, सबंध मंडळीने ती उचलून धरली. ती जुनी शाळा त्यांनी दहा दिवसांतच पाडली आणि एप्रिल २००७ मध्ये दुसऱ्या जागी नवी शाळा सुरू केली. ज्याने चूक मान्यच केली नाही, त्याच्या वतीने पुढारी जेव्हा शोकग्रस्तांना 'क्षमा करा' असे सांगतात, तेव्हा तो केवळ गप्प बसवण्याचा प्रकार असतो. पुनरुत्थित प्रभूने शांती दिली ती आपले घाव दाखवून. थोमाला त्याने त्या घावांत बोट घालायला सांगितले. घाव झाकून दिलेली शांती त्याची नव्हे.

आपल्या डोंगराखाली

हे दूरदेशीचे पुराण म्हणून कोणी बाजूस सारू नये. आपल्या सह्याद्रीच्या कुशीतही डोंगर गावांवर आले आहेत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले; १५१ माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावात ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी गाडली गेली. ती वाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच. नऊ वर्षांत तीन गावे! माळीणकरांसाठी नवे गाव वसवण्यात आले, ते चांगलेच झाले. पण पहिल्याच पावसाळ्यात तेथील रस्त्यांना व भिंतींना तडे गेल्याच्या बातम्या आल्या. ज्यांनी एकदा डोंगर अंगावर येताना पाहिला, त्यांना त्या तड्यांत काय दिसले असेल? 'निसर्गाचा कोप' एवढे म्हणून आपण प्रत्येक वेळी पुढे गेलो, आणि पुढच्या डोंगराखालच्या गावाला त्या मौनाची किंमत मोजावी लागली.

धर्मग्रामाने काय करावे

मग आपल्या धर्मग्रामांनी काय करावे? आम्ही मोठ्या योजना सुचवत नाही. पहिल्या दिवसांत मिस्सा, रोझरी, स्वयंपाक, पाहुण्यांची सोय आणि मौन एवढे पुरे. दफनविधीच्या प्रवचनात देवाच्या हेतूचा खुलासा नसावा. पुनरुत्थानाची आशा असावी, आणि तिच्या शेजारी स्तोत्रसंहितेतील आक्रोशालाही जागा असावी, कारण तोही पवित्र शास्त्रच आहे. दुर्घटना माणसाच्या हलगर्जीपणाने घडली असेल, तर पॅरिश कौन्सिलचे दोन सभासद त्या कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्यात, इस्पितळात, कचेरीत जावेत, आणि पहिली तारीख झाल्यावर थांबू नयेत. प्रकरण वाढवल्यास गावाचे नाव खराब होईल, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. निधी गोळा झाला तर त्याचा हिशेब नोटीस बोर्डावर लागावा, आणि विनियोग त्या कुटुंबांना विचारून व्हावा. देणगीदारांच्या नावांची फरशी मात्र मृतांच्या नावांहून मोठी होऊ नये.

त्यानंतरची वर्षे अधिक महत्त्वाची. महिन्याच्या मिस्सापर्यंत घर भरलेले असते. खरी पोकळी सातव्या-आठव्या महिन्यात जाणवते. त्या वेळी महिला मंडळाने, शेजारच्या चार घरांनी दार ठोठवावे. वाचलेल्या मुलांना कोणी तरी विचारावे, आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यास संकोच करू नये. त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही. आपल्या ख्रिस्तसभेने तर स्मरणासाठी वर्षातला एक संपूर्ण महिना राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबरला आपण कबरी झाडतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. 'आता विसरा' हा सल्ला ख्रिस्तसभेने कधीच दिलेला नाही. प्रत्येक मिस्सामध्ये ती मृतांचे स्मरण करते.

यंदाच्या नोव्हेंबरात प्रत्येक धर्मग्रामाने दुर्घटनांत गेलेल्यांची नावे वेदीपाशी मोठ्याने वाचावीत. ती त्यांच्या आईबापांनी, पतिपत्नींनी, भावंडांनी वाचावीत, आणि ज्यांचा आवाज फुटणार नाही त्यांच्याजवळ शेजाऱ्याने उभे राहावे. वाचून झाल्यावर कोणीही कसलाही खुलासा करू नये. मिस्सा पुढे चालू ठेवावा.